फौजी आजोबांच्या बाहीवरचा काळा चौकोन : जुन्या फोटोतलं कोडं सोडवायला कुठून सुरुवात करायची

आईच्या काकांना आम्ही दादाआजोबा म्हणायचो. म्हणायचो म्हणजे त्यांच्या फोटोला म्हणायचो, कारण माझ्या जन्माआधीच ते गेले. पोस्टकार्डाएवढा फोटो, कडा पिवळ्या पडलेल्या. खाकी शर्ट, कमरेला रुंद पट्टा, हातात छोटी काठी, मागे खांब आणि झाडं रंगवलेला स्टुडिओचा पडदा. माणूस ताठ उभा, चेहऱ्यावर हसू नाही. त्या काळी हसायची पद्धतच नव्हती. सगळं नेहमीसारखंच, फक्त बाहीवर, खांद्याच्या शिवणीखाली दोन बोटांवर, एक काळा चौकोन. अक्षर नाही, चित्र नाही, नुसता काळा.

या चौकोनाबद्दल घरात चार मतं होती. दुखवट्याची पट्टी असावी, हे आजीचं मत. फाटलेल्या शर्टाला लावलेलं ठिगळ, हे बाबांचं. एक मामा ठामपणे सांगायचा की ते गुप्तहेर खात्यात होते, म्हणून खूण पुसलीय. आणि चौथं मत, युद्धकाळात सेन्सॉरने फोटोवर काळं फासलं, हे मला लहानपणी सगळ्यात जास्त आवडायचं.

चारही चूक निघाली. ती चूक कशी निघाली, हे सांगता सांगता अशा फोटोकडे कसं बघायचं ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यात २५ लाखांच्या आसपास माणसं होती, पहिल्या महायुद्धात १३ लाखांहून जास्त. म्हणजे असा एखादा फोटो तुमच्या घरातही भिंतीवर, ट्रंकेत किंवा देवघराच्या वरच्या फळीवर असायची बरीच शक्यता आहे.

आधी पाठ बघा

फोटो हातात आला की सगळे चेहरा बघतात. तुम्ही आधी उलटा करा. पाठीवर पेन्सिलीचा आकडा, स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचं नाव, कोणाच्या तरी हस्ताक्षरातलं अर्धं वाक्य, यातलं काहीही असू शकतं आणि ते समोरच्या बाजूइतकंच बोलतं. शिक्का पुसट असेल तर खोलीतला दिवा घालवून टॉर्च अगदी आडवी, कागदाला जवळजवळ टेकवून धरा. पेन्सिलीचा दाब कागदात उतरलेला असतो, तो सावलीने उठून दिसतो.

फोटो फ्रेममध्ये असेल तर फ्रेम मागून उघडा. पण फोटो काचेला चिकटला असेल तर तिथेच थांबा. ओढलात तर चेहऱ्याचा थर काचेवर राहील आणि तुमच्या हातात कोरा कागद येईल. अशा वेळी काचेसकटच, प्रकाश तिरका ठेवून, मोबाइलने फोटोचा फोटो काढलेला बरा.

दादाआजोबांच्या फोटोच्या पाठीवर जांभळ्या शाईचा अर्धा कापला गेलेला शिक्का होता. त्यात तीन-चार चिनी अक्षरं. घरात ती ‘जपानी’ म्हणून प्रसिद्ध होती, आणि त्यावरून आजोबा जपान्यांच्या कैदेत होते अशी एक उपकथाही तयार झालेली होती. शिक्का सध्या बाजूला ठेवू, नंतर लागेल.

स्कॅन करताना कंजुषी नको

इथे बहुतेक जण घसरतात. मोबाइलने पटकन एक फोटो काढायचा, तो व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि ‘हा बिल्ला कोणता?’ विचारायचं. व्हॉट्सॲप तो आणखी दाबून पाठवतं, आणि बिल्ल्याच्या जागी पलीकडच्याला चार ठिपके दिसतात.

हिशेब करून बघा. पोस्टकार्ड साइझच्या फोटोत उभा माणूस साधारण ११ सेंटिमीटर उंच दिसतो. खराखुरा माणूस १७० सेंटिमीटर धरला तर सगळं जवळजवळ पंधरापट लहान झालं. बाहीवरचा ६ सेंटिमीटरचा बिल्ला फोटोत जेमतेम ४ मिलिमीटर. ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केलं तर त्या ४ मिलिमीटरला ४७ ठिपके मिळतात, १२०० डीपीआयवर १८९. सत्तेचाळीस ठिपक्यांत गरुड काय आणि कोंबडा काय, दोन्ही सारखेच.

म्हणून १२०० डीपीआय, टिफ फाइल, आणि फोटो काळापांढरा असला तरी स्कॅन रंगीत. रंगीत कशाला? जुना फोटो विरतो तेव्हा पिवळसर, तपकिरी होतो. रंगीत स्कॅनमधले लाल, हिरवा, निळा हे तीन थर कुठल्याही फोटो एडिटरमध्ये वेगळे करून बघता येतात. पिवळं पडलेलं चित्र निळ्या थरात सगळ्यात ठळक दिसतं, लाल थरात ते जवळजवळ नाहीसं होतं. करून बघा, पहिल्यांदा बघताना जादूच वाटते.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. फोटो ‘सुधारून’ देणारी, रंग भरून देणारी एआय ॲप्स या कामाला वापरू नका. ती अस्पष्ट भाग स्वच्छ करत नाहीत, तिथे काय असावं याचा अंदाज काढून नवीन चित्र भरतात. चेहरा छान दिसतो, टोपीवरचा बिल्ला मात्र जगातल्या कुठल्याच पलटणीचा नसतो. माझ्या एका भावाने हौसेने असं केलं आणि काळ्या चौकोनात त्याला चांदणी दिसायला लागली. त्या चांदणीमागे आम्ही दोन महिने फिरलो.

नाव देऊ नका, वर्णन करा

आता त्या कोड्यात टाकणाऱ्या गोष्टीचं वर्णन कागदावर लिहा. फोनवर आंधळ्याला सांगतोय असं समजून. ‘मेडल’ लिहू नका. ‘डाव्या खिशाच्या वर, बोटभर रुंद, आडवी पट्टी, तीत उभे तीन पट्टे, मधला सगळ्यात गडद’ असं लिहा. ‘रँक’ लिहू नका. ‘दंडावर, टोक खाली असलेल्या दोन व्ही’ असं लिहा.

हे कंटाळवाणं वाटेल, पण एकदा ‘दुखवट्याची पट्टी’ हे नाव डोक्यात बसलं की डोळा पुढचं बघायचंच सोडून देतो. आजीने ‘पट्टी’ म्हटलं आणि साठ वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही की पट्टी दंडाभोवती गुंडाळलेली असते, ही तर चौकोनी आहे आणि चारही बाजूंनी शिवलेली आहे. माझं वर्णन असं झालं : ‘डावी बाही, शिवणीखाली दोन बोटं, चौकोन, बाजू पट्ट्याच्या रुंदीएवढी, कापडाहून बराच गडद, कडेला टाके, उजवी बाही वळल्यामुळे दिसत नाही.’ ठिगळाचा प्रश्न इथेच निकालात निघाला. इतकं काटकोनात, नेमकं त्याच जागी फाटत नाही. आणि कडेचे टाके दिसतात म्हणजे ते कापड होतं, फोटोवर नंतर फासलेली शाई नव्हे. सेन्सॉरही गेला.

सैनिकावर संशय घेण्याआधी फोटोवर घ्या

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. फोटोत काही विचित्र दिसलं की आपण त्या माणसाच्या आयुष्यात कारण शोधायला लागतो. कारण बहुतेक वेळा कॅमेऱ्यात, फिल्ममध्ये नाहीतर स्टुडिओत असतं.

सगळ्यात मोठा फसवणारा म्हणजे रंग. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला आणि प्लेटला लाल रंग दिसतच नसे. निळा तिला फार उजळ दिसायचा, लाल मात्र काळा. पुढे सगळे रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म आली, पण छोट्या स्टुडिओंना जुनीच सोयीची होती, कारण ती लाल दिव्याच्या उजेडात बघत बघत धुता यायची. खात्री करायची असेल तर घरातल्याच त्या काळच्या फोटोंतल्या बायकांची कपाळं बघा. कुंकू लालभडक असणार हे आपल्याला माहीत आहे, फोटोत मात्र ते डांबराच्या ठिपक्यासारखं काळं दिसतं.

आता काळ्या चौकोनाकडे परत या. काळ्या कापडावर लाल काहीतरी असेल, तर अशा फिल्मवर लालही काळं आणि कापडही काळं. चित्र तिथे असूनही नाहीसं झालेलं. हे लक्षात आलं त्या रात्री मी स्कॅन पुन्हा उघडला, फक्त चौकोन कापून घेतला आणि सावलीचा भाग हळूहळू उजळवत नेला. आधी नुसता रवाळ धूर. मग त्यात एक किंचित वेगळी, गोल कड. आतल्या धाग्याची दिशा वेगळी होती, म्हणून तिथली चमक वेगळी. आत चित्र नाही, कोपरे नाहीत, नुसता गोल.

बाकीचे फसवणारे भराभर सांगतो.

फोटो उलटा छापला गेला असेल तर डावं उजवं होतं. पुरुषाच्या शर्टाची डावी बाजू उजव्या बाजूवर येते, पदकांच्या फिती डाव्या छातीवर असतात. दोन्ही उलट दिसत असतील तर निगेटिव्ह पालथी पडली होती, आजोबा डावखुरे नव्हते.

घड्याळ, काठी, खुर्ची, पुस्तक, कधीकधी कोटसुद्धा स्टुडिओचा असायचा. त्यावरून श्रीमंती ठरवू नका.

हाताने रंगवलेला फोटो असेल तर त्यातल्या रंगांना पुरावा म्हणून शून्य किंमत. रंगवणाऱ्याने पलटण पाहिलेलीच नसायची, फितीला त्याच्या वाटीत असेल तो रंग लागायचा. माणूस गेल्यानंतर मोठा करून घेतलेल्या फोटोंत तर चेहरा एका फोटोतला आणि गणवेश ब्रशने काढलेला, असंही होतं. मानेपाशी कॉलरची रेघ जास्तच नीट दिसत असेल तर जरा थांबून बघा.

खूण काय सांगते, आणि काय सांगत नाही

गणवेशावर प्रत्येक खुणेची जागा ठरलेली असते आणि प्रत्येक जागा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. टोपीवरचा बिल्ला आणि खांद्यावरची पितळी अक्षरं पलटण सांगतात. दंडावरच्या व्ही हुद्दा सांगतात : दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. छातीवरच्या फिती मोहिमा सांगतात. आणि दुसऱ्या महायुद्धात बाहीच्या वरच्या टोकाला शिवलेलं कापडी चिन्ह डिव्हिजन सांगतं. म्हणजे पलटण नव्हे, तर ती ज्या मोठ्या फौजेचा भाग होती ती फौज.

भारतीय डिव्हिजनांची ही चिन्हं मोठी चित्रमय होती. सतराव्या डिव्हिजनचं काळं मांजर, तेविसाव्याचा लाल कोंबडा, सव्विसाव्याचा त्रिकोणातून बाहेर पडणारा वाघ, एकोणिसाव्याचा कट्यार धरलेला हात, पंचविसाव्याचा इस्पिकचा एक्का, सातव्याचा काळ्यावर सोनेरी बाण. माझ्या कोड्यासाठी यादी पटकन आटली, कारण मला काळ्यावर लाल असलेलीच हवी होती. दोन उरली. चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड आणि पाचव्या डिव्हिजनचा लाल गोळा, ज्याला ‘बॉल ऑफ फायर’ म्हणायचे.

गरुडाला पंख असतात, चोच असते, कड वेडीवाकडी असते. माझ्या स्कॅनमध्ये गोल होता. शिवाय चौथी डिव्हिजन आफ्रिका, इटली, ग्रीस अशी फिरली, बर्मात गेली नाही. आणि आजोबा ‘बर्मात होते’ एवढी एकच गोष्ट घरातल्या चारही पक्षांना मान्य होती. पाचवी डिव्हिजन १९४१ मध्ये इरिट्रियात केरेनला लढली आणि पुढे बर्माच्या आघाडीवर आली.

इथे नवखा माणूस उडी मारतो. मीही मारली. केरेनला पाचव्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीची तिसरी बटालियन होती, हे वाचलं आणि मी घरी फोन करून सांगूनच टाकलं, आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते म्हणून. पुरावा? काहीच नाही. ती बटालियन पुढे इटलीत गेली, आजोबा बर्मात. डिव्हिजनमध्ये पायदळाच्या बटालियनी असतात तसे तोफखाना, सॅपर्स (लष्करी इंजिनिअर), सिग्नल, रसद, वैद्यकीय असे सगळेच असतात, आणि सगळ्यांच्या बाहीवर तोच गोळा. चिन्ह डिव्हिजन सांगतं म्हणजे डिव्हिजनच सांगतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून शब्द मागे घेतले.

एक गफलत मात्र फारच घरांत होते, म्हणून जरा थांबतो. खांद्यावर दोन फुल्या (हुद्द्याच्या चांदण्या) दिसल्या की ‘आजोबा लेफ्टनंट होते’ असं सांगितलं जातं. ब्रिटिश काळात जमादाराच्या खांद्यावर एक फुली, सुभेदाराच्या दोन आणि सुभेदार मेजरच्या मुकुट असायचा. हे व्हॉइसरॉयचे कमिशन्ड ऑफिसर, शिपायातून वर चढलेले. फुलीच्या खाली आडवी कापडी पट्टी दिसते का ते बघा. ती असेल तर सुभेदार-जमादार. यात कमीपणा काही नाही. पलटण खऱ्या अर्थाने तेच चालवायचे. ‘जमादार’ हा हुद्दा १९६५ मध्ये ‘नायब सुभेदार’ झाला. त्यामुळे जुन्या कागदावर जमादार वाचून सफाई खात्यात होते असं समजू नका. तेही एका घरात ऐकलंय.

काळ ठरवायचा तर दोन बाजूंनी चेपायचा

‘हा फोटो कधीचा?’ याचं उत्तर एका तारखेत मिळत नाही. ‘याच्या आधीचा नाही’ आणि ‘याच्या नंतरचा नाही’ अशा दोन भिंती उभ्या करायच्या आणि मधली खोली जमेल तेवढी लहान करायची.

भिंती कशाच्या? काही उदाहरणं देतो.

खांद्यावर १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ आकडा आणि मराठा हे नाव असेल तर फोटो १९२२ च्या फेररचनेआधीच्या पद्धतीचा. त्या वर्षी या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. अक्षरंही नीट वाचा : तेव्हाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मराठा लिहिताना मध्ये ‘एच’ होता आणि ‘टी’ दोन होते. १११ महार असेल तर खोली फारच लहान झाली, कारण ती पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट त्यानंतर, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. मधल्या वीस वर्षांतल्या फोटोला ‘महार रेजिमेंट’ म्हणता येत नाही.

रसद खात्याच्या पितळी अक्षरांत सुरुवातीला ‘आर’ असेल तर १९३५ नंतरचा, कारण ‘रॉयल’ हा मान तेव्हा मिळाला. बिल्ल्यावर मुकुट असेल तर २६ जानेवारी १९५० च्या आधीचा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. फितींपैकी आफ्रिका स्टार १९४३ मध्ये सुरू झाला, बर्मा स्टार १९४५ मध्ये, इंडिया सर्व्हिस मेडल १९४६ मध्ये. उलट बाजूने मात्र हे चालत नाही. फीत नाही म्हणजे लढला नाही, असं नसतं. कित्येकांना पदकं घरी परतल्यावर मिळाली, आणि कित्येकांनी ती मागितलीच नाहीत.

दादाआजोबांच्या छातीवर एकही फीत नव्हती. म्हणून मी पाठीवरच्या शिक्क्याकडे परत गेलो. चिनी वाचणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना तो दाखवला. ‘ही जपानी नाही, स्टुडिओच्या नावातली अक्षरं आहेत, त्यातलं एक फोटो या अर्थाचं आहे, बाकी कापलं गेलंय,’ एवढंच त्यांनी सांगितलं. चिनी फोटोग्राफर तेव्हा रंगून, पेनांग, सिंगापूर, सगळीकडे होते. पण सप्टेंबर १९४५ मध्ये जपानच्या शरणागतीनंतर सिंगापुरात उतरली ती पाचवी भारतीय डिव्हिजनच. गोळा आणि शिक्का दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते. यालाच मी बरा पुरावा म्हणतो : एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी एकच सांगतात तेव्हा. कैदेची उपकथा मात्र मोडली. कैद्याला स्टुडिओत नेऊन, पट्टा-काठीसकट, कोण उभं करतं?

ट्रंक, पेटी, कपाट

फोटोने जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं की कागद आणि पदकं शोधा. पदक सापडलं तर समोरची बाजू नंतर बघा, आधी कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं कोरलेलं असतं. १९१४-१५ स्टार असेल तर ते पाठीवर असतं. ब्रिटनने आपल्या सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाची पदकं नाव न घालता वाटली, भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र नाव कोरलेलं सापडतं. हे आपलं नशीब. ते चिंच-राखेने घासून घालवू नका. चकचकीत आणि कोरं पदक हा फक्त धातूचा तुकडा आहे.

मिळालेला नंबर पलटणीच्या नावासकट लिहून ठेवा. तेव्हाचे नंबर पलटणीपुरते असायचे, त्यामुळे नुसता नंबर सांगितला तर कोणीच काही शोधू शकत नाही. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचं पुस्तक, जुनी मनीऑर्डरची पावती, यातल्या कशावरही तो असू शकतो. तो मिळाला की त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला रीतसर पत्र लिहायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. पत्रात चार ओळी पुरतात : नंबर, नाव, साधारण वर्षं, तुमचं नातं. सोबत फोटोची प्रत. घराण्याचा इतिहास लिहू नका, तो वाचायला तिथे कोणाला वेळ नसतो.

नावाच्या स्पेलिंगबद्दल सैल राहा. कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलंय. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या नामदेव जाधवांचं आडनावसुद्धा इंग्रजीत एकाहून जास्त तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, तिथे आपल्या आजोबांची काय कथा.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते, आणि पहिल्याच दिवशी सगळे तिथे जाऊन निराश होतात. ती यादी मेलेल्यांची आहे. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७, या काळात गेलेल्यांची. आजोबा जिवंत परत आले असतील तर ते तिथे नसणारच, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. शिवाय मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेल्यांबद्दल एक कडू गोष्ट आहे : बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या शिपायांचे मात्र पलटणीगणिक नुसते आकडे. नाव सापडलं नाही याचा अर्थ माणूस नव्हता असा नाही.

पहिल्या महायुद्धाचा फोटो असेल तर गावातली चावडी, शाळा, देऊळ यांच्या भिंतीवर दगडी फलक आहे का बघा. या गावातून इतके गेले, इतके कामी आले, असा त्यावरचा मजकूर असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या फलकावर कामी आलेल्यांचा आकडा ४६ आहे. फलक आजोबांचं नाव सांगणार नाही, पण कोणत्या पिढीतले किती जण गेले ते सांगेल.

म्हाताऱ्या माणसांचं ऐका, पण शेवटी

हा क्रम मुद्दाम सांगतोय. आधी घरच्यांच्या गोष्टी ऐकल्या तर त्या फोटोत दिसायला लागतात. फोटो वाचून झाल्यावर ऐकल्या तर त्यातलं कोणतं वाक्य कामाचं आहे ते ओळखू येतं.

आमच्या घरात दादाआजोबांची एक गोष्ट थापेबाजीचा नमुना म्हणून सांगितली जायची. ते म्हणे लढाईला विमानात बसून गेले होते. साधा शिपाई, १९४४ साल, आणि विमान! वर विमानात खेचरं पण होती म्हणे. इथपर्यंत आलं की सगळे हसायचे, मीसुद्धा.

मार्च १९४४ मध्ये जपानी फौज इंफाळवर चालून आली तेव्हा पाचवी भारतीय डिव्हिजन अराकानात, म्हणजे बर्माच्या पश्चिम किनाऱ्यावर, लढत होती. तिथून ती उचलून डाकोटा विमानांतून इंफाळ आणि दिमापूरला आणली. माणसं, तोफा, जीपा, आणि खेचरंसुद्धा. हे वाचल्यावर मी आत्याआजीला फोन केला. त्या आजोबांच्या सगळ्यात धाकट्या बहीण, वय नव्वदीच्या पुढे. गोळा, डिव्हिजन, अराकान, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अरे, तो सांगायचा ना, खेचर घाबरून लाथा झाडतं, मग त्याच्या डोळ्यांवर पोतं बांधायचं.”

फोटो आता आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटात आहे. पाकिटात एक कार्ड आहे, फोटोच्या पाठीवर मी काही लिहिलेलं नाही. कार्डावर तीन ओळी. ‘नक्की : बाहीवर काळ्या चौकोनात गोल खूण, पाठीवर चिनी स्टुडिओचा शिक्का.’ ‘बहुधा : पाचवी भारतीय डिव्हिजन, फोटो सिंगापूरचा, १९४५ च्या अखेरचा.’ ‘माहीत नाही : पलटण, नंबर, आणि हातातली काठी त्यांची की स्टुडिओची.’